३८ टक्के वाढ आणि महिन्याला १०९ रुपये : नोकरी बदलून पस्तावलात तर काय करायचं

पगारपत्रकं करणं हा माझा चौदा वर्षांचा धंदा. सीटीसी, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च, म्हणजे पगार नव्हे, हे मी आजवर शेकडो लोकांना समजावलं असेल. तरी स्वतःची ऑफर आली तेव्हा मेलमध्ये फक्त ९,६०,००० एवढंच दिसलं. आधीचा आकडा ६,९३,६०० होता. मनातल्या मनात भागाकार केला, ३८ टक्के वाढ निघाली आणि संध्याकाळी घरी पेढे आले.

भोसरी एमआयडीसीतली सहा वर्षांची नोकरी सोडून मी खराडीतल्या एका मोठ्या कंपनीत गेले. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी सिव्हिल कोर्ट स्टेशनात मेट्रो बदलताना सरकत्या जिन्यावरच रडू फुटलं. मागे उभ्या असलेल्या मुलाने विचारलं, "काकू, बरं वाटत नाहीये का?" काकू म्हटल्याचंही वाईट वाटलं, ते वेगळंच.

नोकरी कशी निवडावी हे सांगायला हा लेख नाही. ती वेळ गेली. नोकरी बदलून झाली आहे, महिना-दोन महिने झालेत आणि रविवार संध्याकाळ झाली की पोटात गोळा येतोय, अशांसाठी हा आहे. मी केलेल्या चुका आणि पगार विभागात बसून पाहिलेल्या इतरांच्या चुका, दोन्ही यात आहेत.

आधी हात आवरा

पहिले दोन-तीन आठवडे काही करायचं नाही. राजीनाम्याचा मेल ड्राफ्टमध्येसुद्धा ठेवू नका, रात्री साडेअकराला तो चुकून जातो. जुन्या ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नव्या कंपनीला शिव्या घालू नका. तिथला कोणीतरी उद्या इथे मुलाखतीला येतो आणि स्क्रीनशॉट त्याच्याआधी पोचतो. जुन्या साहेबांना तर हुंदका आवरत फोन अजिबात नको. त्या फोनचा उपयोग आहे, पण पुढे, आणि वेगळ्या आवाजात.

याला अपवाद आहेत आणि ते थांबण्यातले नाहीत. पगार दोन महिने रखडलाय. पगारातून पीएफ कापला जातोय पण पासबुकात दिसत नाही. खोट्या बिलांवर किंवा मागच्या तारखेच्या कागदांवर सह्या करायला सांगतायत. लैंगिक त्रास असेल तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते आणि तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. अशा वेळी 'नव्या जागेत रुळायला वेळ लागतो' हा सल्ला देणाऱ्याचं ऐकू नका.

आणि झोपच उडाली असेल, जेवण जात नसेल, नको ते विचार येत असतील तर नोकरीचा हिशेब नंतर. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ वर आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

पस्तावा नेमका कशाचा, हे वहीत शोधा

विचारलं तर प्रत्येक जण एक कारण सांगतो. पगार, अंतर, बॉस. मीही सगळ्यांना 'लांब पडतं' असंच सांगत होते. चिंचवडहून पीसीएमसी स्टेशनपर्यंत स्कूटर, तिथून सिव्हिल कोर्ट, गाडी बदलून रामवाडी, पुढे रिक्षा. दाराला कुलूप लावल्यापासून खुर्चीत बसेपर्यंत सव्वा तास. भोसरीला पंचवीस मिनिटांत पोचायचे.

मग तीन आठवडे एक साधी वही ठेवली. रोज संध्याकाळी दोनच ओळी लिहायच्या : आज कधी वाटलं की इथे नसते तर बरं, आणि त्या क्षणी समोर काय होतं. भावना लिहायची नाही, प्रसंग लिहायचा. माझ्या वहीतल्या या तीन नोंदी बघा (तिकीट म्हणजे कर्मचाऱ्याची संगणकावर नंबर लावून आलेली शंका किंवा तक्रार) :

"मंगळवार. ४३ तिकिटं बंद केली. एकाही माणसाचं तोंड पाहिलं नाही."

"गुरुवार. ग्रॅच्युइटीची रक्कम चुकलीय असं सांगितलं. 'ते दुसऱ्या टीमकडे आहे' असं उत्तर आलं. तीन दिवसांनी तीच चूक तशीच पुढे गेली."

"शुक्रवार. मेट्रोत बसायला जागा मिळाली. पुस्तक वाचलं. बरं वाटलं."

एकवीस दिवसांच्या नोंदींत प्रवासाचं नाव तक्रार म्हणून दोनदाच आलं. भोसरीत कारखान्याच्या शॉपवरचा माणूस पगाराची स्लिप घेऊन केबिनपाशी यायचा आणि "ताई, हे जरा बघता का" म्हणायचा. इथे मला कोणी काही विचारतच नव्हतं, खरं दुखणं हे होतं. अंतर समजून उपाय केला असता तर खराडीत भाड्याने घर घेऊन बसले असते आणि तिकिटं तीच राहिली असती.

वही भरली की तिसऱ्या शनिवारी नोंदींचे गठ्ठे करा. पैसा, काम, माणसं, वेळ-अंतर, आणि पाचवा गठ्ठा मान. पाचवा लोक करत नाहीत, कारण मोठ्याने सांगायला लाज वाटते. आधीच्या ठिकाणी सीनियर होतो, इथे सगळ्यांत नवीन. तिथे चहावाल्यालाही नाव माहीत होतं. हा त्रास खरा असतो, पण बहुतेकांचा सहा-आठ महिन्यांत आपोआप ओसरतो. सगळ्यात मोठा गठ्ठा हाच निघाला तर घाई करू नका. कामाचा किंवा माणसांचा निघाला तर वाट पाहून तो सहसा लहान होत नाही.

पैशाचा हिशेब कागदावर

माझाच मांडते. नव्या कंपनीचे ९,६०,००० असे फुटले :

वर्षाअखेरीचा व्हेरिएबल (कमी-जास्त होऊ शकणारा भाग) : ९६,०००
कंपनीचा पीएफ (महिन्याचा बेसिक, म्हणजे मूळ पगार, ४०,००० वर १२ टक्के) : ५७,६००
ग्रॅच्युइटी (बेसिकच्या ४.८१ टक्के) : २३,०८८
मेडिक्लेमचा हप्ता : १८,०००

हे वजा जाता उरले ७,६५,३१२, म्हणजे महिना ६३,७७६. त्यातून माझा पीएफ ४,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला. हातात ५८,७७६.

भोसरीत ग्रॉस ५६,००० होता. पीएफ १५,००० च्या मर्यादेवर, म्हणून १,८००. व्यवसाय कर २००. हातात ५४,०००. फरक ४,७७६. पण तिथे दिवाळीला एक पूर्ण पगार बोनस मिळायचा, जो सीटीसीत धरलेलाच नव्हता. ५६,००० भागिले बारा, ४,६६७. उरले १०९ रुपये. मेट्रो आणि रिक्षा यातून अजून वजा करायची होती.

हे बघून मी संतापले, पण हिशेब इथे थांबवला तर तो खोटा ठरतो. नव्या ठिकाणी माझे आणि कंपनीचे मिळून पीएफमध्ये महिन्याला ६,००० जास्त जात होते. ते पैसे माझेच, फक्त घराच्या हप्त्याला उपयोगी पडत नाहीत. व्हेरिएबल मिळाला तर ९६,००० वेगळे. म्हणजे तोटा नव्हता. मी हातात येणारा पैसा समजून दीर्घकाळचा पैसा घेतला होता, आणि समजण्यातली चूक माझी होती. तुमचाही हिशेब असा दोन्ही बाजूंनी करा. रागात केलेला हिशेब नेहमी एका बाजूला झुकतो.

ऑफर लेटरमधल्या चार ओळी पुन्हा वाचा. व्हेरिएबल कशावर अवलंबून आहे आणि पहिल्या वर्षी किती महिन्यांचा मिळणार. जॉइनिंग बोनस परत करण्याची अट किती महिन्यांची, आणि पूर्ण रक्कम परत घेणार की कर कापून हातात आलेली. बहुतेक ठिकाणी पूर्ण मागतात, दोन लाखांतले दीड लाख हातात आलेले असले तरी दोन लाख. जुन्या कंपनीला भरलेला नोटिशीचा पैसा नव्या कंपनीने दिला असेल तर त्याचीही वसुली असते. चौथी ओळ बाँडची.

बाँडबद्दल 'कोर्टात टिकत नाही' असं बिनधास्त सांगणारे खूप भेटतील. तेवढं सोपं नाही. नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे जायचंच नाही, अशी बंदी १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. पण ठरावीक काळ नोकरी करीन, नाहीतर ठरावीक रक्कम भरीन, ही वेगळी गोष्ट. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षं नोकरी किंवा दोन लाख रुपये ही अट वैध धरली. रक्कम मोठी असेल तर सही केलेला कागद वकिलाला दाखवा. त्याची फी वसुलीपेक्षा कमीच असते.

तारीख आधी ठरवा

'बघू, रुळतंय का' या वाक्याला शेवट नसतो. बघण्याला तारीख लागते, आणि ती तुमच्या ऑफर लेटरमध्येच असते. प्रोबेशनमध्ये नोटीस पिरियड बहुधा पंधरा दिवस ते महिना असतो आणि कायम झालात की तो साठ-नव्वद दिवसांवर जातो. माझं प्रोबेशन सहा महिन्यांचं होतं. म्हणजे पाच महिने पूर्ण होण्याच्या आसपास निर्णय व्हायला हवा. कन्फर्मेशनचं पत्र आल्यावर जाग आली तर प्रत्येक नवी कंपनी विचारणार, "नव्वद दिवस? लवकर नाही का जमणार?"

ती तारीख कॅलेंडरवर टाका आणि घरात एकाच माणसाला सांगा. सगळ्यांना सांगू नका. माझ्या सासूबाईंनी रोज देवाजवळ दिवा लावताना विचारायला सुरुवात केली होती.

जाण्याआधी मागून बघा

हे लोक करत नाहीत. 'मागून काय मिळणार' म्हणतात आणि थेट राजीनामा टाकतात. मग मॅनेजर म्हणतो, आधी बोलायचं होतंस. पन्नास वेळा ऐकलंय मी हे, आणि त्यातला निम्मा तरी वेळ मॅनेजर खरं बोलत असतो.

वहीतला सगळ्यात मोठा गठ्ठा घ्या आणि त्यातून एकच मागणी काढा. तीन घेऊन गेलात तर सगळ्यात स्वस्त असलेली देतात. वेळ मागून घ्या, येता-जाता पकडू नका. मी साधारण असं बोलले :

"सर, मुलाखतीत स्टॅच्युटरी कामाबद्दल बोलणं झालं होतं. पीएफ, ग्रॅच्युइटी, तपासण्या. गेले तीन महिने मी पूर्ण वेळ तिकिटांवर आहे. तिकिटं मी करतेच आहे, आकडे तुमच्याकडे आहेत. पण माझा अनुभव ज्या कामाचा आहे ते काम मला हवंय. पुढच्या तिमाहीपासून निम्मा वेळ तरी तिकडे देता येईल का?"

यात तक्रार नाही, धमकी नाही, 'माझी फसवणूक झाली' नाही. झाली असेलही. पण तो शब्द उच्चारला की समोरचा काम सोडून स्वतःचा बचाव करायला लागतो. संध्याकाळी बोलणं झाल्याचा चार ओळींचा मेल टाका. उत्तर 'बघतो' असं आलं तर दोन आठवड्यांनी तारखेसकट विचारा. दुसऱ्यांदाही 'बघतो' म्हणाले, तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं.

राहा किंवा जा, हे कागद आत्ताच नीट करा

पगार विभागातली बाई असल्यामुळे इथे जरा जास्त रेंगाळते. चुकीच्या नोकरीपेक्षा अर्धवट कागदांनी बुडालेले लोक मी जास्त पाहिलेत.

पहिलं, कर. वर्षाच्या मध्ये नोकरी बदलली की आधीच्या कंपनीतला पगार आणि कापलेला कर नव्या कंपनीला लेखी कळवायचा असतो. न कळवता काय होतं? समजा सप्टेंबरपर्यंत महिना १,१०,००० आणि ऑक्टोबरपासून १,५०,०००. नव्या कंपनीला फक्त तिचे ९ लाख दिसतात, तेवढ्यावर नव्या करप्रणालीत कर शून्य, म्हणून ती काहीच कापत नाही. खरं उत्पन्न १५,६०,०००. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या दरांनी त्यावर १,०६,८६० कर बसतो, आणि आधीच्या कंपनीने पहिल्या सहा महिन्यांत कापलेला असतो जेमतेम २३,४००. विवरणपत्र भरताना ८३,००० च्या वर रक्कम व्याजासकट समोर येते. तेव्हा लोक मला फोन करून 'कंपनीने चूक केली' म्हणतात. कंपनीची चूक नसते.

दुसरं, पीएफ. यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा नंबर, एकच राहू द्या. नव्या कंपनीने दुसरा काढला असेल तर लगेच सांगा. पासबुकात जुन्या कंपनीची सोडल्याची तारीख आहे का बघा. ती कंपनीने टाकली नसेल तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी स्वतः पोर्टलवर टाकता येते. आणि वैतागून जुना पीएफ काढू नका. पाच वर्षं सलग पूर्ण नसतील तर त्यावर कर लागतो, आणि ट्रान्सफर केला तर आधीच्या कंपनीतली वर्षं धरली जातात.

तिसरं, ग्रॅच्युइटी. कायम नोकरीत पाच वर्षं लागतात. मी सहा करून निघाले म्हणून मिळाली. माझ्यासोबत निघालेला स्टोअरचा मुलगा साडेचार वर्षांवर गेला आणि कोरडा राहिला. चार वर्षं २४० दिवस झाले तरी पाच धरावीत, असं काही न्यायालयांनी म्हटलंय, पण कंपन्या त्यावर वाद घालतात. एवढ्यासाठी दोन महिने थांबता येत असेल तर थांबा.

चौथं, मेडिक्लेम. कंपनीचा विमा शेवटच्या दिवशी संपतो. दोन नोकऱ्यांमध्ये पंधरा दिवसांचं अंतर पडलं तर ते पंधरा दिवस घर उघडं. घरात मधुमेह, रक्तदाब असेल तर नोकरी सोडायच्या आधी स्वतःची पॉलिसी सुरू करा, कारण आधीपासूनच्या आजारांना वैयक्तिक पॉलिसीत तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

रिलीव्हिंग लेटर आणि शेवटचा हिशेब यांचा पाठपुरावा लेखी करा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत राजीनाम्यानंतर थकीत वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं असं आहे. तरी 'आमच्याकडे पंचेचाळीस दिवस लागतात' असं ऐकायला मिळेल. कलमाचा उल्लेख शांतपणे मेलमध्ये करा, भांडू नका.

जुन्या ठिकाणी परत?

आता तो फोन करता येईल. त्याआधी एका चिठ्ठीवर लिहा, आपण तिथून का निघालो होतो. नव्या जागेचा त्रास सुरू झाला की जुनी जागा रोज थोडी सुंदर होत जाते. मला भोसरीची आठवण यायची तेव्हा "ताई, हे जरा बघता का" आठवायचं. सहा वर्षांत एकदाही न बदललेलं पद आठवायचं नाही, आणि पगारवाढीच्या बोलण्याला मालक दर वर्षी 'दिवाळीनंतर बघू' म्हणायचे तेही नाही. चिठ्ठीवरचं कारण तसंच असेल तर परत जाऊन वर्षभरात तिथेच येऊन ठेपाल.

कारण बदललं असेल, म्हणजे ज्याच्यामुळे निघालात तो माणूस गेला, पद तयार झालं, तर लाजू नका. परत जाण्यात कमीपणा नाही, विनवणी करून जाण्यात आहे. मेसेज असा पुरे : "सर, नमस्कार. बऱ्याच दिवसांत बोलणं नाही. पुढच्या आठवड्यात अर्धा तास मिळाला तर भेटायला येते. तुमच्याकडे सध्या काय चाललंय आणि पुढे काय योजना आहेत, ऐकायचंय." ते 'या' म्हणाले आणि गाडी पुढे सरकली तर तीन गोष्टी लेखी घ्या : पद, पगार, आणि जुन्या सेवेचं काय. ग्रॅच्युइटीची वर्षं सहसा शून्यापासून मोजली जातात, रजाही. बदल्यात काही मिळत असेल तर ते आत्ताच मागायचं, नंतर कोणी देत नाही.

तिसरीकडे जायचं ठरलं तर

हे तीन-चार महिने बायोडाटामधून गाळू नका. पार्श्वभूमी तपासणीत पीएफची नोंद निघते आणि लपवलेली छोटी नोकरी मोठी वाटायला लागते. मुलाखतीत विचारलंच तर दोन वाक्यांत संपवा : "ज्या कामासाठी गेले होते ते काम तिथे माझ्याकडे आलं नाही. मी तसं सांगितलं, जागा नव्हती, म्हणून शोधतेय." पुढे गप्प बसा. गप्प बसणं हेच अवघड आहे, घरी एकदा आरशासमोर करून बघा.

आणि या वेळी प्रश्न तुम्ही विचारा. 'कंपनीचं वातावरण कसं आहे' असा नको, त्याला सगळे 'छान' म्हणतात. विचारा, "या जागेवरचा आधीचा माणूस कुठे गेला?" आणि "पहिल्या महिन्यात माझ्या टेबलावर नेमकं काय येईल?" मी खराडीत हे दुसरं विचारलं असतं तर तिकिटं हा शब्द तिथेच कानावर आला असता. ऑफर आली की हातात येणारी रक्कम एचआरकडून लेखी घ्या. दोन दिवस लागले तरी पेढे थांबतात.

मी कुठेच गेले नाही. दुसऱ्या विचारण्यानंतर पंधरा दिवसांनी सरांनी ग्रॅच्युइटी आणि पीएफच्या तपासणीचं काम दिलं. निम्मा वेळ मागितला होता, आठवड्यातले दोन दिवस मिळाले. बाकी तीन दिवस तिकिटं आहेतच. बुधवारी घरून काम, तेही न मागता. व्हेरिएबल ६१ टक्केच आला.

दर महिन्याच्या १४ तारखेला मात्र फोन ठरलेला असतो, कारण पीएफ भरायची आणि त्याचं महिन्याचं विवरण, ईसीआर, पोर्टलवर टाकायची शेवटची तारीख १५. परवाही बंडगार्डन सोडलं आणि वाजला. भोसरीत माझ्या जागेवर आलेली मुलगी.

"ताई, ईसीआर अपलोड होत नाहीये. एरर येतोय."

"नवीन जॉइन झालेले किती आहेत?"

"चार."

"त्यांची आधारवरची नावं आणि यूएएनवरची नावं जुळतायत का बघ आधी. स्पेलिंग बघ. मी लाइनवर आहे."